‘सगळेच पितात’ ही मोजणी नेमकी कुणी केली?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : ‘मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव मराठवाड्यात. आम्ही चौघांनी मिळून फ्लॅट घेतलाय. बाकीचे तिघं दर शनिवारी बसतात. मी घेत नाही, कारण बाबांचं पिणं लहानपणापासून बघितलंय. पण आता दर वेळी नाही म्हणायचा कंटाळा आलाय. परवा एक जण म्हणाला, तू असलास की न्यायाधीश शेजारी बसल्यासारखं वाटतं. इथे सगळेच पितात. मीच मागासलेला आहे का? थोडी घेतली तर काय होईल? की सरळ रूम बदलू?’

तुला सरळ ‘तू’ म्हणते. माझ्याकडे येणारी मुलं तुझ्याच वयाची असतात, आणि ‘तुम्ही’ म्हटलं की ती खुर्चीत ताठ होऊन बसतात. मी पहिली दहा वर्षं व्यसनमुक्तीच्या कामात होते आणि नंतरची अकरा वर्षं पुण्यातल्या कॉलेजांमध्ये समुपदेशक म्हणून काम करतेय. दारूच्या गोष्टीचा शेवट मी आधी पाहिला आणि सुरुवात नंतर. त्यामुळे सुरुवातीकडे बघताना मी थोडी जास्त धास्तावते, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाच.

‘थोडी घेतली तर काय होईल’ हा तुझा खरा प्रश्न आहे, असं मला वाटत नाही. एका संध्याकाळी अर्धा ग्लास बिअर घेतलीस तर बहुधा काही होणार नाही, हे तुलाही माहीत आहे. तुला टोचतंय ते वेगळंच आहे. शनिवारी रात्री हॉलमध्ये हशा चाललेला असतो, तू आतल्या खोलीत दार लोटून हेडफोन घालून बसलेला असतोस, आणि ज्या घराचं भाडं तू बरोबरीने भरतोस त्याच घरात तू पाहुणा होतोस. दारू नको आहे आणि माणसं हवी आहेत, असा हा पेच आहे. एवढंच आधी कागदावर लिहून ठेव. ‘पिऊ की नको’ आणि ‘मित्र राहतील की जातील’ हे प्रश्न एकमेकांत गुंतले, की दुसऱ्याच्या भीतीने माणूस पहिल्याचं उत्तर देऊन बसतो.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. ते तिघं नुसती थट्टा करतात की ग्लास तोंडाला लावण्यापर्यंत मजल जाते? बाबा अजून पितात का? तुझी झोप, जेवण, अभ्यास ठीक चाललंय का, की शनिवारच्या विचाराने शुक्रवारपासूनच पोटात गोळा येतो? या उत्तरांवर बरंच अवलंबून आहे. अंगाशी येण्याइतकी जबरदस्ती होत असेल तर पुढचे समजुतीचे उपाय सोड आणि आधी तिथून बाहेर पड. तसं नसेल, असं धरून लिहिते.

‘सगळेच पितात’ यापासून सुरुवात करू. हॉस्टेलच्या मुलांबरोबर मी गेली काही वर्षं एक साधा प्रयोग करते. पंचवीस-तीस मुलं गोल करून बसतात. प्रत्येकाला वहीच्या पानाच्या दोन चिठ्ठ्या, सगळ्यांना एकाच रंगाचं पेन, नाव लिहायचं नाही. पहिल्या चिठ्ठीवर लिहायचं : या खोलीतल्या किती जणांना दर आठवड्याला पिणं मनापासून आवडतं, असं तुला वाटतं? दुसऱ्या चिठ्ठीवर : तुला स्वतःला आवडतं का? चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकायच्या, डबा हलवायचा, आणि त्यांच्यातल्याच एकाने त्या उघडून फळ्यावर मांडायच्या. डावीकडे अंदाज, उजवीकडे खरी मोजणी. दोन्ही बाजू जुळल्या असं आजवर एकदाही झालेलं नाही. अंदाज दर वेळी फुगलेला निघतो, आणि तोही थोडाथोडका नाही. एकदा चिठ्ठ्या उघडणारा मेकॅनिकलचा मुलगा मधेच थांबला आणि एकच चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत राहिला. तिच्यावर लिहिलं होतं, ‘चव आवडत नाही, पण खोलीत एकटं बसणं त्याहून आवडत नाही.’ तो म्हणाला, ‘मॅडम, अक्षर माझं नाही, पण चिठ्ठी माझीच आहे.’ हा मुलगा त्या मजल्यावरच्या बैठकांचा म्होरक्या होता. सोडा आणायला पोरांना खाली तोच पिटाळायचा.

हा काही माझा शोध नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली हेच नीट मोजून दाखवलं. आपल्या कॅम्पसवर जे पिणं चालतं ते तुला स्वतःला कितपत पटतं, आणि इथल्या सरासरी विद्यार्थ्याला कितपत पटत असेल, असं त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं. स्वतःला ते तितकंसं पटत नाही, पण बाकीच्यांना आपल्यापेक्षा जास्त पटतं, असं मुलं सांगत होती. सगळेच असं म्हणत असतील, तर ‘बाकीचे’ म्हणजे कोण उरलं? त्या अभ्यासातला दुसरा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. सेमिस्टर पुढे सरकली तसं मुलग्यांचं स्वतःचं मत त्या चुकीच्या अंदाजाकडे सरकत गेलं. मुळात फारशा कुणाचं नसलेलं मत दुसऱ्याचं समजून त्यांनी हळूहळू आपलं केलं. तुझा ‘कंटाळा आलाय’ हा शब्द वाचला तेव्हा मला हेच आठवलं.

तिकडचं कॉलेज आणि आपलं कॉलेज एक नाही. तिकडे कॅम्पसवर पिणं कितीतरी जास्त पसरलेलं आहे. आपल्याकडे घरी चहाशिवाय काही न पाहिलेली मुलं आजही वर्गात भरपूर असतात. पण चूक होते ती एकाच रस्त्याने. पिणारा दिसतो, ऐकू येतो, त्याची स्टोरी इन्स्टाग्रामवर चढते. त्याच रात्री शेजारच्या विंगमध्ये मॅगी करून, कॅरम खेळून झोपून गेलेल्या सहा जणांची स्टोरी कुणी टाकत नाही. सोमवारी कँटीनमध्ये किस्सा सांगितला जातो तो बाल्कनीत उलटी करणाऱ्याचा. आपण किस्से मोजतो आणि समजतो की माणसं मोजली.

देशाचे आकडे बघायचे तर केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेली मोठी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १० ते ७५ वयोगटातल्या पुरुषांपैकी २७.३ टक्के दारू घेणारे निघाले, आणि स्त्रियांमध्ये १.६ टक्के. घरी येऊन विचारणाऱ्याला लोक कमीच सांगतात, कॉलेजच्या वयात आणि शहरात प्रमाण निराळं असू शकतं, हे सगळं धरलं तरी ‘सगळेच’ या शब्दाला जागा उरत नाही. तुझ्या फ्लॅटमध्ये चारातले तीन पितात हे खरं आहे. पण तो तुझा फ्लॅट आहे, तुझी पिढी नव्हे.

‘मागासलेला’ हा शब्द तू वापरलास, त्यावर थोडं थांबते. गावाकडून येणाऱ्या मुलांच्या तोंडी तो नेहमी येतो. पुण्यात आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत बरंच काही एकदम शिकावं लागतं : इंग्रजीत प्रेझेंटेशन, कॅफेत ऑर्डर कशी द्यायची, मुलींशी न अडखळता कसं बोलायचं. या गाठोड्यात बिअरही येऊन पडते, आणि ती त्यातली सगळ्यात सोपी असते. इंग्रजी यायला दोन वर्षं लागतात, बाटली उघडायला दोन मिनिटं. म्हणून मुलं ती आधी उचलतात. शहरी झाल्याची पावती लगेच हातात पडते. एरवी आपल्या गावात पिणं कमी होतं का? गटारीला कोणाच्या मळ्यात काय शिजतं आणि कोण किती घेतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. मग पिणं पुढारलेलं कधीपासून झालं? बाटलीवरचं लेबल बदललं आणि ग्लास काचेचा आला, एवढाच फरक. आणि याच मुलांचे पाच-सात वर्षांनी लग्नासाठी बायोडेटा निघतात तेव्हा त्यात ‘निर्व्यसनी’ हा शब्द आवर्जून घातला जातो, हेही मी पाहते.

मुलींवरचा ताण वेगळा असतो. घेतली नाही तर ‘काकूबाई’ आणि घेतली तर ‘असली मुलगी’, दोन्हीकडून मार. त्यामुळे त्या लपून आणि घाईत घेतात. शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यामुळे तेवढीच दारू मुलींच्या रक्तात जास्त चढते, आणि लपवाछपवीमुळे काही बिघडलं तर त्या मदत मागायलाही उशीर करतात. तुमच्या ग्रुपमध्ये मुली असतील तर हे तुला माहीत असलेलं बरं.

आता त्या तिघांकडे बघ, पण तिघांना एक समजू नकोस. अशा प्रत्येक बैठकीत मला निरनिराळी मुलं दिसतात. एखाद्याला खरंच पिणं आवडतं. एखाद्याला गप्पा आणि चखना आवडतो. तो रात्रभर एकच ग्लास धरून बसतो, त्यात दर वेळी पाणी घालतो, आणि गावाहून आलेल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी संपवतो. आणि एखादा असतो, ज्याला दारू लागायला लागलेली असते. केटी, म्हणजे मागच्या सेमिस्टरचे नापास विषय, राहिलेल्या असतात, घरी सांगितलेलं नसतं, झोप येत नसते. शनिवारची वाट बघता बघता त्याचा बुधवार सुरू होतो. सगळे एकत्र पीत असतात म्हणून त्याचं वेगळं पिणं कुणाच्या लक्षात येत नाही. न पिणाऱ्याच्या येतं. तुझ्या फ्लॅटमध्ये असा कुणी आहे का, ते बघ.

न्यायाधीशाच्या बोलण्याबद्दल दोन गोष्टी सांगते. पहिली तुला बरी वाटेल : न पिणारा शेजारी असला की पिणाऱ्याला आपले ग्लास मोजावे लागतात, आणि तो त्रास त्याचा स्वतःचा असतो. दुसरी ऐकायला जड आहे. ज्यांनी बापाचं पिणं पाहिलंय अशी मुलं वासानेच ताठ होतात. गल्लीच्या तोंडाशी बाबांची गाडी कशी वळली त्यावरून किती घेतलीय हे ओळखणारी मुलं मला भेटली आहेत; आवाज ऐकून ती आईच्या हातातलं भांडं काढून घ्यायची, म्हणजे आदळआपट कमी होईल. हे शरीरात मुरतं. हॉलमध्ये बाटलीचं झाकण फिरवल्याचा आवाज आला की तुझा चेहरा बदलत असणार, तुझ्याही नकळत. त्या तिघांना जो राग तुझ्या तोंडावर दिसतो, त्यातला बराचसा बाबांवरचा आहे. त्यांना हे माहीत नाही, त्यांना वाटतं तो आपल्यासाठीच आहे. तिघांपैकी जो जवळचा असेल त्याला एखाद्या मंगळवारी-बुधवारी, चहाच्या टपरीवर, एकट्याला एवढंच सांग : ‘आमच्या घरी दारूने फार त्रास झालाय. मी घेत नाही, पण तुमच्यावर माझा राग नाही.’ पूर्ण कहाणी सांगायची गरज नाही. एवढ्या दोन वाक्यांनी चेष्टा थांबल्याचं मी बऱ्याचदा पाहिलंय. ज्याला सांगितलं तोच पुढच्या वेळी ‘अरे, त्याला नको आग्रह करू’ म्हणतो.

आता ‘थोडी’ म्हणजे किती, याचा हिशेब करू, कारण मुलांची इथे फार फसगत होते. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्की-रमचा ३० मिलीचा लहान पेग घेतला की पोटात साधारण १० ग्रॅम अल्कोहोल जातं. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली, ८ टक्क्यांची, घेतली की जातं सुमारे ४१ ग्रॅम. म्हणजे ‘मी काय, फक्त एक बिअर घेतो’ म्हणणाऱ्याने चार लहान पेग घेतलेले असतात. यकृत तासाला ७ ते १० ग्रॅमच्या आसपास निकालात काढतं, त्यामुळे ती एक बाटली उतरायला चार ते सहा तास लागतात, मग वर लिंबूपाणी प्या नाहीतर काळी कॉफी. क्वार्टर म्हणजे १८० मिली, सहा लहान पेग, साठ ग्रॅम. एका बैठकीत साठ ग्रॅम किंवा त्याहून जास्त, याला जागतिक आरोग्य संघटना अतिरेकी पिण्यात धरते. दोघांत खंबा, म्हणजे ७५० मिलीची बाटली, संपवणाऱ्यांचा हिशेब तूच कर.

कायदाही सांगून ठेवते, कारण तो बहुतेक मुलांना माहीत नसतो. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१ आणि बाकीच्या दारूसाठी २५ पूर्ण लागतं, शिवाय पिण्याचा परवाना लागतो. दुसऱ्या वर्षातला मुलगा यातल्या कशातच बसत नाही. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवली, तर पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कायद्याच्या भीतीने कुणी थांबल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. पण बारमधून रूमवर परतताना दुचाकीची किल्ली कोणाकडे असते, हा प्रश्न मी प्रत्येक मुलाला विचारते.

तुझ्या बाबतीत मी जे एरवी मोघम सांगते ते स्पष्ट सांगणार आहे. दारूचं व्यसन जडण्याच्या धोक्यात जवळपास निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. वडील व्यसनी असलेली बहुतेक मुलं व्यसनी होत नाहीत, हे आधी मनात पक्कं कर. तुझ्या कपाळावर काही लिहिलेलं नाही. पण धोका इतरांपेक्षा काही पटींनी जास्त असतो, आणि तो पहिल्या घोटाला कळत नाही. अमेरिकेत सॅन दिएगोला मार्क शुकिट या मानसोपचारतज्ज्ञाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून व्यसनी वडिलांच्या तरुण मुलांचा अभ्यास केला. त्यात दिसलं ते असं, की ज्यांना सुरुवातीला दारू कमी चढायची त्यांच्यातच पुढे व्यसन लागण्याचं प्रमाण जास्त होतं. आपल्याकडे हॉस्टेलवर अशा मुलाचं कौतुक होतं. ‘भाऊची कपॅसिटी बघ!’ म्हणून त्याच्या पाठीवर थाप पडते. घरात बापाला दारू लागलेली आणि पोराला चढत नाही, हे मला ऐकू येतं तेव्हा माझ्या काळजात धस्स होतं. इतरांना दोन पेगनंतर जे शरीर ‘पुरे’ म्हणतं, ते याला म्हणत नाही. म्हणून तो जास्त घेतो, आणि सवय लवकर लागते. तुला ती चाचणी घेऊन बघायची गरज नाही. मेंदूचा आवर घालणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत तयार होत असतो. तोपर्यंत तरी तू दूर राहावंस असं माझं ठाम मत आहे. पुढे काय करायचं ते तेव्हाचा तू ठरव.

आधीच कधी घेऊन झाली असेल आणि लिहायला संकोचला असशील, तर तेवढ्याने काही मोडलेलं नाही. ‘आता घेतलीच आहे तर’ असं म्हणून पुढे जाऊ नकोस, एवढंच. आपल्याकडे पूर्ण शुद्ध किंवा पूर्ण बुडालेला अशी दोनच खाती असतात, आणि पहिल्यातून एकदा पाय घसरला की मुलं थेट दुसऱ्यात जाऊन बसतात.

नाही कसं म्हणायचं, यावर मी मुलांकडूनच शिकले. ‘नको’ आणि ‘घेत नाही’ या शब्दांत फार अंतर आहे. ‘नको’ म्हटलं की समोरच्याला ऐकू येतं ‘आत्ता नको’, आणि आग्रह सुरू होतो. पंगतीत जिलबी वाढणारा ‘नको’ ऐकून कधी थांबलाय का? ‘मी घेत नाही’ म्हटलं की वाढणारा पुढे जातो. कारण सांगू नकोस. गोळ्या चालू आहेत म्हणालास तर पुढच्या शनिवारी गोळ्या संपल्या का विचारतील. उपवास म्हणालास तर वार मोजतील. एका वाक्यात, हसून, आणि लगेच पुढचं बोलणं : ‘मी घेत नाही रे, तो खारा दाणा इकडे दे.’

आतल्या खोलीत जाऊन बसू नकोस. सुरुवातीचा तास-दीड तास त्यांच्यात बस. गप्पा तेव्हाच खऱ्या असतात. त्यानंतर तीच वाक्यं फिरून फिरून येतात आणि तू उठून गेलास तर कुणाच्या लक्षातही येत नाही. हातात स्वतःचा भरलेला ग्लास असू दे, सोडा-लिंबू काहीही. रिकाम्या हाताकडेच बाटली वळते. कॉन्ट्री काढताना चखन्यात आणि जेवणात तुझा वाटा दे, बाटलीत देऊ नकोस, आणि हे महिन्याच्या सुरुवातीलाच स्वच्छ बोलून घे. ऑम्लेट तू करत असशील तर जरूर कर. पण दर वेळी गाडी चालवणारा, उलट्या पुसणारा आणि सकाळी वॉचमनची बोलणी खाणारा तू होऊ नकोस. न पिणाऱ्याला मुलं नकळत घरातल्या आईचं काम देतात, आणि ज्या घरातून तू आलास तिथे हे काम तू पुरेसं केलेलं असणार.

मैत्री शनिवारवर सोडू नकोस. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस पडलेले असतात. सबमिशनच्या रात्री जागणं, मेसला एकत्र जाणं, रविवारी सकाळी सिंहगड चढून वर झुणका-भाकर खाणं. हँगओव्हरमुळे सुरुवातीला कुणी उठणार नाही, पण एक जण नक्की येईल. तो रात्रभर एकच ग्लास धरून बसणारा.

एक माहिती मात्र पाठच कर, कारण त्या फ्लॅटमध्ये शुद्धीवर असणारा तूच असतोस. कुणी हाक मारून, चिमटा काढूनही उठत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी झाला असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, ओठ-नखं निळसर, अंग गार आणि घामेजलेलं असेल, झटका आला असेल, तर ती झोप नाही. ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ हे वाक्य अशा वेळी जीव घेतं. शेवटचे ग्लास अजून पोटात असतात आणि रक्तातली दारू पिणं थांबल्यावरही चढत राहते. त्याला कुशीवर झोपव, वरचा गुडघा दुमडून पुढे टेकव, तोंड थोडं खाली म्हणजे उलटी झाली तर श्वासनलिकेत जाणार नाही. पाणी, कॉफी, ताक काही पाजू नकोस. उलटी काढायला घशात बोटं घालू नकोस, शॉवरखाली नेऊ नकोस. १०८ ला फोन कर आणि गाडी येईपर्यंत शेजारून हलू नकोस. डॉक्टरांना काय घेतलं, किती आणि कधी ते खरं सांग. घरी कळेल, मालक फ्लॅट खाली करायला लावेल, या भीतीने मुलं तास-दोन तास घालवतात. १०८ ला फोन करायचा निर्णय तू एकट्याने घ्यायचास, कुणाला विचारत बसायचं नाहीस.

तुझ्यासाठीही कुणीतरी हवं. बाबांबद्दल तू प्रश्नात अर्धंच वाक्य लिहिलंस, आणि तेच माझ्या मनात राहिलं. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. मोफत आहे, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. व्यसनासंबंधी माहितीसाठी १४४४६. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतंय. बाबांसाठी काय करता येईल हे विचारायला तू एकटाही जाऊ शकतोस. आणि घरातल्या कुणाच्या दारूमुळे पोळलेल्या लोकांचे अल-अनॉन म्हणून गट असतात. तिथे बाबांच्या गाडीचा आवाज म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

रूमचं म्हणशील तर आत्ता बदलू नकोस. डिपॉझिट अडकलेलं असेल, मधल्या सेमिस्टरला चांगली जागा मिळत नाही, आणि आत्ता निघालास तर एकही गोष्ट करून न बघता निघशील. त्या एकाशी टपरीवर बोल आणि पुढचे चार शनिवार हॉलमध्ये बसून बघ. चार शनिवारांनंतरही पोटातला गोळा तसाच असेल, किंवा त्याआधी एकदा जरी कुणी हात धरून ग्लास तोंडाला लावला, तर सेमिस्टर संपायची वाट न बघता सामान बांध. तशी वेळ आली नाही, पण पुढच्या वर्षासाठी रूम बदलावीशी वाटली, तर मार्चपासूनच जागा बघायला लाग, म्हणजे जूनच्या गर्दीत सापडणार नाहीस. आणि जागा बघायला जाशील तेव्हा भाडं-पाणी विचारून झालं की एवढंही विचार, ‘शनिवारी तुमच्याकडे काय असतं?’ मुलं खरं सांगतात. एखादा कदाचित म्हणेल, ‘आम्ही घेत नाही, तुला चालेल ना?’ मोठ्या काळजीने मला हे विचारणारी मुलं दर वर्षी भेटतात.